शेंगदाण्यांची ताटली आणि मावशीच्या वह्या : एका स्मरणकार्यक्रमाचा प्रकरण अभ्यास

ही हकीकत माझ्या मावशीच्या घरातली आहे. घरच्यांच्या संमतीने ती लिहीत आहे. नावे दिलेली नाहीत आणि इमारत, शाळा किंवा शेजारी ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. गेलेल्या माणसाच्या आवडीचा मान राखायचा म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नावर आमचे घर जवळपास वर्षभर अडून बसले होते. आम्ही काय ठरवले, कुठे चुकलो आणि शेवटी वाट कशी सापडली, हे त्याच प्रसंगातून जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घराला उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून ते सविस्तर मांडले आहे.

पार्श्वभूमी

मावशी ऑगस्ट 2022 मध्ये, श्रावण वद्यात, वयाच्या 74व्या वर्षी गेली. तिने 31 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि लग्नानंतरचे सारे आयुष्य ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या, तीन मजली इमारतीत काढले. तिचे घर पहिल्या मजल्यावर, मागच्या अंगाला आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेर काढलेले ग्रिल आहे आणि कंपाउंडमधल्या आंब्याची एक फांदी त्या ग्रिलपासून हातभर अंतरावर येऊन थांबते. तिच्या घरातला खारींचा सगळा राबता याच फांदीवरून चालत असे.

खारींचे वेड तिला केव्हापासून लागले हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. मला आठवते तेव्हापासून ते होतेच. एका मार्चमध्ये खारीने ग्रिलमधल्या रिकाम्या कुंडीत घरटे बांधले होते. त्यात नारळाचा काथ्या होता, उशीतला कापूस होता, देवाच्या हाराचा दोरा होता आणि दाराशी पसरलेल्या पायपुसण्याचे लाल धागे होते. पायपुसण्याचा एक कोपरा पार विरून गेला होता, आणि काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, नवे आणायची गोष्ट काढली तेव्हा मावशीने पिल्ले बाहेर पडेपर्यंत ते बदलायचे नाही असे बजावले. पाहुण्यांनी त्या फाटक्या पायपुसण्याकडे पाहिले, तर ती त्यांना हात धरून खिडकीशी नेत असे.

शाळेत ती पहिली-दुसरीच्या मुलांना सेतुबंधनातल्या खारीची गोष्ट सांगत असे. वाळूत लोळायचे, अंगाला चिकटलेली वाळू सेतूवर जाऊन झटकायची आणि पुन्हा लोळायला जायचे, हे ती स्वतः खांदे हलवून दाखवत असे. रामाने पाठीवरून फिरवलेल्या बोटांचे तीन पट्टे मुलांना पाठ असत. आपल्या भागातल्या खारीच्या पाठीवर खरोखरच तीन पट्टे असतात आणि उत्तरेकडे पाच पट्ट्यांची खार आढळते, हेही ती लगेच जोडून सांगत असे. गोष्ट आणि निरीक्षण यांची तिने कधी फारकत केली नाही. ‘खारीचा वाटा’ हे शब्द आपण बहुधा वाटा किती लहान आहे हे सांगण्यासाठी वापरतो. मावशीचा सगळा भर त्या खारीच्या फेऱ्यांवर असे.

अडचण

अडचणीचे मूळ दहाव्याच्या दिवशी आहे, आणि ते आम्हाला फार उशिरा कळले.

त्या दिवशी पिंडाला कावळा बराच वेळ शिवेना. अशा वेळी करतात तसे एकेकाने पुढे होऊन मावशीची इच्छा काय राहिली असेल ते बोलून दाखवायला सुरुवात केली. मावशीच्या मुलीने, म्हणजे ताईने, नातीच्या शिक्षणाचे बोलून पाहिले; मुलाने, म्हणजे दादाने, बाबांना सांभाळू म्हणून सांगितले. शेवटी काका पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, “तुझ्या खारींना मी उपाशी ठेवणार नाही.” थोड्याच वेळात कावळा उतरला. आम्ही सगळे रडलो, घरी आलो आणि पुढच्या विधींच्या गडबडीत ते वाक्य विसरून गेलो. काका मात्र ते विसरले नाहीत.

सुरुवातीला ग्रिलमध्ये एका स्टीलच्या ताटलीत मूठभर शेंगदाणे ठेवले जात. दिवाळीपर्यंत मुठीचे पाव किलो झाले आणि संक्रांतीपर्यंत रोजचा अर्धा किलो. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी काका ताटली भरत. रिकामी ताटली दिसली की त्यांचा जीव कासावीस होई. अर्धा किलो शेंगदाणे चार-पाच खारींना संपणे शक्यच नव्हते, कारण ही खार पुरती वाढली तरी तिचे वजन साधारण 100 ग्रॅमच्या आसपास भरते. ताटली रिकामी करत होती ती दिवसा कबुतरे आणि रात्री उंदीर.

एप्रिल 2023 मध्ये सोसायटीच्या कमिटीचे पत्र आले. तळमजल्यावरच्या घरात लहान मूल होते, डक्टमध्ये उंदरांनी बिळे केली होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. ठाणे-मुंबईत पावसाळा म्हटला की लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असतेच. उंदरांच्या मूत्रातून तो जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतो आणि पायावरच्या एखाद्या जखमेतून शरीरात शिरतो. त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार रास्त होती आणि पत्राची भाषाही सभ्य होती. ‘सहानुभूती बाळगून विनंती करण्यात येते’ असे त्यात लिहिले होते.

याच सुमारास पहिल्या वर्षश्राद्धाचा आणि स्मरणकार्यक्रमाचा विषय निघाला. त्यामुळे खारींना खायला घालणे आणि मावशीचे स्मरण हे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले. ताटलीविषयी काहीही बोलले तरी ते मावशीविषयी बोलल्यासारखे होऊ लागले.

पहिला निर्णय, जो चुकला

दादा पुण्याहून शनिवार-रविवारी येत असे. मे महिन्यातल्या एका रात्री, काका झोपल्यावर, त्याने ताटली उचलली, ग्रिल फिनाइलने पुसून काढले आणि घरातल्या शेंगदाण्यांच्या पिशव्या गाडीत टाकल्या. त्याचा हेतू चांगला होता. बाबांशी वाद घालण्यापेक्षा गोष्टच नजरेआड केलेली बरी, असे त्याला वाटले, आणि फोनवर त्याने मला विचारले तेव्हा मीही ‘कर’ असेच म्हणाले. ही जबाबदारी माझीही आहे.

सकाळी काका खिडकीशी गेले आणि तिथेच स्टूलवर बसून राहिले. त्यांनी चहा घेतला नाही. दोन दिवस ते दादाशी बोलले नाहीत, जेवण नुसते चिवडत राहिले. तिसऱ्या दिवशी ताईपाशी त्यांनी एकच वाक्य उच्चारले, “मी तिला शब्द दिला होता.” तेव्हा कुठे आम्हाला दहाव्याचा दिवस आठवला. आम्ही ज्याला सवय समजत होतो ते वचन होते, आणि ते मोडायचा अधिकार आम्हाला कोणी दिलेला नव्हता.

दादाने त्यांची क्षमा मागितली आणि ताटली परत ठेवली. प्रश्न जिथल्या तिथे राहिला. मात्र तो कशाचा प्रश्न आहे हे आता आम्हाला नीट दिसले.

समोर असलेले पर्याय

जूनमध्ये आम्ही चौघे, म्हणजे काका, दादा, ताई आणि मी, पहिल्यांदा एकत्र बसलो. सर्वांच्या मनातले पर्याय कागदावर लिहायचे आणि काकांच्या संमतीशिवाय एकही खोडायचा नाही, एवढा एकच नियम ठेवला.

दादाला हॉल घेऊन मोठा कार्यक्रम हवा होता : मावशीचा मोठा फोटो, तिचे विद्यार्थी, भाषणे, जेवण. ताईला वर्षश्राद्धापलीकडे काही नको होते. आईला गाजावाजा आवडत नसे, हे तिचे म्हणणे खरेच होते. कंपाउंडमध्ये मावशीच्या नावाचे झाड लावावे आणि खाली बाक बसवावा, अशी सूचना मी केली. काकांना खारींसाठी कायमचे खाद्यघर हवे होते, छप्पर असलेले, आंब्याला टांगलेले.

कंपाउंडमधल्या झाडाचा पर्याय मला सर्वात निर्दोष वाटत होता आणि तोच सर्वात आधी बाद झाला. नौपाडा-पाचपाखाडीत जुन्या इमारतींचा पुनर्विकास गेली कित्येक वर्षे सुरू आहे आणि आमच्या सोसायटीतही विकासकांशी बोलणी चालू होती. पायाचे खोदकाम सुरू झाले की असलेला आंबाच कितपत टिकेल याची शाश्वती नव्हती. महापालिका हद्दीत झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे खरे. पण परवानगी घेऊन झाडे तोडली जातात हेही आपण रोज पाहतो. दोन-तीन वर्षांत उखडले जाईल अशा ठिकाणी मावशीच्या नावाचे रोप लावणे कोणालाच पटेना. येऊरला लावू, असे दादा म्हणाला. पण तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे आपल्या मनाने जाऊन रोपे लावता येत नाहीत.

खाद्यघराविषयी काकांशी कसे बोलावे हे कोणालाच सुचत नव्हते. त्या दिवशी तो पर्याय कागदावर तसाच राहिला, आणि आता वाटते की राहिला ते बरे झाले.

वह्या

वाट अशा ठिकाणाहून निघाली जिथे आम्ही शोधतच नव्हतो. पाऊस त्या वर्षी उशिरा आला. मुंबईत तो 25 जूनला पोहोचला. त्याआधीच्या रखरखीत आठवड्यात ताई माळा आवरायला घेऊन बसली होती आणि रद्दीवाल्यासाठी काढलेल्या गठ्ठ्यात तिला बँकांच्या जुन्या डायऱ्या सापडल्या, एकूण 11. ती हिशेबाच्या वह्या समजून बांधणार होती, पण एक उघडून पाहिली.

आत खारींच्या नोंदी होत्या, मावशीच्या फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरात. आंब्याला मोहोर कधी आला, शेपटीचा गोंडा तुटलेली खार किती दिवसांनी दिसली, खिडकीशी मांजर आले तेव्हा खार शेपटीच्या प्रत्येक झटक्यासरशी किती वेळ चिकचिकत राहिली, हे सगळे तारीख घालून लिहिलेले होते. एका पानावर घरट्यात काय काय सापडले त्याची यादी होती आणि शेवटी लिहिले होते, ‘माझ्या हिरव्या साडीची किनार. कधी नेली कळले नाही.’

ताईने वह्या काकांना दिल्या. आमच्या सगळ्या निर्णयांत हा सर्वात महत्त्वाचा ठरला, आणि तो ताईने एकटीने, कोणालाही न विचारता घेतला. वाचून काय वाटते ते सांगा, एवढेही ती बोलली नाही.

काका आठवडाभर चष्मा लावून वाचत बसले. मग एका सकाळी त्यांनी मला फोन करून एक नोंद वाचून दाखवली : ‘काटेसावर फुलली. खारी तिकडेच. आज दाणे ठेवले नाहीत.’ पुढच्या पानावर पुन्हा, ‘दाणे नाहीत. जांभळे आहेत.’ मावशी रोज खायला घालतच नव्हती. काका तेव्हा कामावर जात असत आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना जे दिसे त्यावरून ती रोज घालते असे त्यांनी धरले होते. तिचे नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले होते. पाच-सात दाणे, कच्चे, बिनमिठाचे, सकाळीच. ऊन उतरायच्या आत टरफले झाडून घ्यायची. संध्याकाळनंतर काही ठेवायचे नाही. पाणी मात्र बारा महिने.

या नियमांमागे विचार होता. खार दिवसा वावरते आणि उंदीर रात्री, त्यामुळे संध्याकाळनंतर उरलेला प्रत्येक दाणा उंदरासाठीच असतो. नुसत्या शेंगदाण्यांवर वाढणाऱ्या खारीला पुरेसे कॅल्शियम मिळत नाही. पावसाळी हवेत साठवलेल्या दाण्यांना बुरशी धरते आणि त्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजायला तिला साली, बिया, कोवळ्या फांद्या कुरतडाव्या लागतात. आयत्या सोललेल्या दाण्यांच्या ढिगाशी बसलेल्या खारीचे ते काम सुटते. मावशीला यातले शास्त्र किती ठाऊक होते हे मी सांगू शकत नाही. पाहून पाहून ती त्याच ठिकाणी पोहोचली होती.

ताटली काकांनी स्वतः उचलली. तिच्या जागी मातीचे पसरट परळ ठेवले आणि पाण्यात एक दगड टाकला, कारण वहीत तसे लिहिले होते : ‘दगड हवा. पिल्लू पडले तर चढून येईल.’ दिलेला शब्द मोडल्याची भावना त्यांच्या मनात उरली नाही. ‘उपाशी ठेवणार नाही’ म्हणजे काय करायचे, ते जिला शब्द दिला तिनेच लिहून ठेवलेले सापडले होते.

ठरले ते आणि केले ते

यानंतर बाकीचे निर्णय फारसे ताणतणाव न होता झाले. 2023 साली श्रावण अधिक होता, त्यामुळे वर्षश्राद्ध नेमके कोणत्या तिथीला करायचे यावर गुरुजींशी दोनदा बोलावे लागले. तो विधी घरात, ताईच्या इच्छेप्रमाणे, साधेपणाने झाला. स्मरणकार्यक्रम आम्ही तिथीपासून वेगळा काढून 3 सप्टेंबरच्या रविवारी ठेवला. पुढच्या गुरुवारी दहीहंडी होती, आणि टेंभी नाका-नौपाड्याच्या बाजूला त्या दिवशी वयस्क माणसांना बोलावणे योग्य झाले नसते.

झाडे तिच्या शाळेत लावायची ठरली. तिथे एक खरा निर्णय घ्यावा लागला. वृक्षारोपण कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांसमोर करायचे की पाऊस असताना करायचे? पाहुण्यांसमोर केले असते तर फोटो चांगले आले असते. आम्ही जुलैत, भर पावसात, काका, मुख्याध्यापिका आणि शाळेचे शिपाई यांच्या उपस्थितीत रोपे लावली. जांभूळ आणि काटेसावर ही दोनच लावली. मला उंबरही हवा होता, पण शाळेने भिंतीजवळ उंबर लावायला नकार दिला; त्याची मुळे भिंत फोडतात हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. काटेसावरीचा आग्रह काकांचा, वहीतल्या त्या नोंदीमुळे. माघ-फाल्गुनात सावरीची पाने गळून लाल फुले येतात तेव्हा मैना, बुलबुल, कावळे आणि खारी असे सगळेच मधासाठी झाडावर असतात.

कार्यक्रम शाळेच्याच वर्गात झाला. साठ-सत्तर माणसे आली, बहुतेक तिचे विद्यार्थी. मोठा फोटो लावला नाही. टेबलावर 11 डायऱ्या मांडल्या होत्या आणि वाटेल त्याने वाटेल ते पान उघडून वाचावे असे सांगितले होते. भाषणे ठेवली नव्हती. काकांनी चार नोंदी वाचल्या. तिसऱ्या नोंदीला त्यांचा आवाज बसला, तेव्हा दादाने वही हातात घेऊन ती पुरी केली. मे महिन्यातल्या त्या रात्रीनंतर त्या दोघांमध्ये जे राहिले होते ते माझ्या मते तिथे मिटले.

जाताना प्रत्येकाला एक पान दिले. खारीचे पिल्लू पडलेले आढळले तर काय करावे, हे मावशीच्या नोंदींवरून लिहून एका पशुवैद्यांकडून तपासून घेतले होते. पिल्लू थंड पडले असेल तर आधी ऊब द्यावी. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पुरते. गाईचे किंवा म्हशीचे दूध पाजू नये, त्याने हगवण लागते. जखम नसेल तर उघड्या खोक्यात ठेवून ते खोके त्याच झाडाला, मांजर पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बांधावे आणि लांबून लक्ष ठेवावे. आई बहुधा येऊन मानेला धरून घेऊन जाते. ती आली नाही किंवा पिल्लू जखमी असेल तर वन्यजीव बचाव करणाऱ्यांना कळवावे. घरी पाळायला ठेवू नये. मावशीने एकदा चपलांच्या खोक्यात ठेवलेले पिल्लू दोन तासांनी आईने नेले, ती नोंद पानाच्या खाली तिच्याच अक्षरात छापली होती.

परिणाम

ग्रिलवर कबुतरे येणे दिवाळीपर्यंत थांबले. उंदरांना जास्त वेळ लागला. सोसायटीने डक्टची बिळे बुजवली आणि त्या खर्चाचा अर्धा वाटा काकांनी न मागता दिला. 2025 मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून वाद पेटला तेव्हा आमच्या इमारतीतही त्यावर तावातावाने चर्चा झाली. काकांनी एवढेच सांगितले, की खायला घालणाऱ्याला ‘थांब’ म्हणण्याआधी तो का घालतो हे विचारा.

जांभूळ आता माझ्या खांद्याएवढे आहे. काटेसावर मे 2024 मध्ये वाळली.

काय वेगळे करता आले असते

काटेसावर आमच्या चुकीने गेली. लावण्याची तारीख ठरवताना आम्ही पावसाचा विचार केला, पण मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद असते आणि पाणी घालायला कोणी नसते याचा विचार केला नाही. पहिल्या दोन उन्हाळ्यांची जबाबदारी नावानिशी वाटून दिली असती तर ती वाचली असती. 2025 च्या उन्हाळ्यात जांभळाला दर तीन दिवसांनी दोन माजी विद्यार्थ्यांनी पाणी घातले, आणि नव्या सावरीचे रोप त्यांच्याच भरवशावर लावले आहे.

ताटली रात्री उचलण्याऐवजी आम्ही काकांना एक प्रश्न विचारायला हवा होता : इतके का? एवढे विचारले असते तर दहाव्याचा दिवस तेव्हाच बाहेर आला असता. कमिटीचे पत्र येण्याची वाट पाहणेही चूक होती. तळमजल्यावरच्या त्या आईने आधी दोनदा ताईला जिन्यात थांबवून सांगितले होते आणि आम्ही ‘बघतो’ म्हणून वेळ मारून नेली होती. दुःख आमचे असले तरी उंदीर तिच्या घरात शिरत होते.

गेलेल्या माणसाचे कागद रद्दीत काढण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत, हेही मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगते. आम्ही बचावलो तो केवळ योगायोग होता. त्या डायऱ्या पहिल्या महिन्यातच चाळल्या असत्या तर बहुधा कमिटीला पत्र लिहावेच लागले नसते.

पुनर्विकासाचा करार आता सहीच्या टप्प्यावर आहे. आंबा वाचवता येईल का, यासाठी दादा कमिटीच्या प्रत्येक बैठकीला पुण्याहून येतो. काकांनी 12वी डायरी सुरू केली आहे. मावशीसारख्या तारखा घालून, पण बारीक, तिरक्या अक्षरात. गेल्या आठवड्यातली नोंद त्यांनी मला दाखवली : ‘पायपुसण्याचा कोपरा विरला आहे. बदलायचे नाही.’